पडदेमास्तरांचा आवाज

मैदानावर त्यांना सगळे पडदेमास्तर म्हणत. शिकवत ते कुणालाच नव्हते. पण गोलंदाजाच्या पाठीमागे, सीमारेषेबाहेर जो भलामोठा पडदा उभा असतो, तो त्यांच्या ताब्यात होता. फलंदाजाला चेंडू नीट दिसावा म्हणून हा पडदा. कसोटीच्या लाल चेंडूला पांढरा, वनडे आणि ट्वेन्टी-ट्वेन्टीच्या पांढऱ्या चेंडूला काळा. गोलंदाजाने बाजू बदलली की तो चाकांवरून ढकलायचा, आणि त्याच्या आसपास कुणी उभं राहिलं तर ओरडून खाली बसवायचं. हे दुसरं काम मास्तर असं काही करत, की ज्यांचा काही संबंध नाही असे लोकही घाबरून बसून घेत.

घरी मात्र मास्तर घरजावई. तिथे आवाज होता तो फक्त सासऱ्यांचा. पंखा कितीवर फिरायचा, आंघोळीला आधी कोणी जायचं, बातम्या कुठल्या लावायच्या, सगळं सासरे ठरवत आणि मास्तर "हो मामा" म्हणत. "अहो, कधीतरी तोंड उघडा," असं बायको म्हणायची. मास्तर उघडायचे, घास घ्यायला.

त्या हंगामात पाहुणा संघ चांगला लांबलचक दौरा घेऊन आला. तिन्ही प्रकारचे सामने, आणि प्रत्येकातला एक या मैदानावर. पडद्याच्या डोक्यावरच्या खुर्च्या कुणी विकत घेत नसे, कारण तिथे पुतळ्यासारखं बसावं लागतं. म्हणून त्यांचे पास नोकरमंडळींच्या घरच्यांना फुकट मिळत. फुकट ते पौष्टिक.

कसोटीचे पास मास्तरांनी इमानाने घरी नेले. सासरे म्हणाले, "पाच दिवस उन्हात बसायला मला काय वेड लागलंय?" मास्तरांना आनंदच झाला. कसोटीचा प्रेक्षक म्हणजे देवमाणूस. डबा खातो, तोंडावर वर्तमानपत्र घेतो आणि झोपतो. झोपलेल्या माणसाचा पडद्याला काही त्रास नाही.

वनडेला मेव्हणा मित्रांना घेऊन गेला. एकदा पाण्यासाठी उठला, एकदा उगाचच. दोन्ही वेळा फलंदाजाने हात वर करून खेळ थांबवला. पाहुण्या संघाने तक्रार केली. मैदानाच्या मॅनेजरने मास्तरांना बोलावून सांगितलं, "ट्वेन्टी-ट्वेन्टीला तुमच्या बाजूने एकदा जरी खेळ थांबला, तर दुसऱ्या दिवसापासून येऊ नका."

घरजावयाची नोकरी गेली तर त्याने दिवसभर करायचं काय? सासऱ्यांसमोर बसायचं. पगारापेक्षाही, रोज सकाळी त्या घरातून बाहेर पडायला एक कारण होतं, ते जाणार होतं.

तेव्हा ट्वेन्टी-ट्वेन्टीचे पास त्यांनी खिशात दडवले आणि घरी सांगितलं, "या खेपेला पास नाहीत." बायकोने शर्ट धुवायला घेतला आणि पास बाहेर आले.

"सगळे जाऊ," सासरे म्हणाले.

"मामा, तिथे अजिबात हलायचं नसतं."

"आता बसायचं कसं ते तू मला शिकवणार?"

सामन्याला सासरे, बायको, मेव्हणा आणि चौथ्या खुर्चीवर डब्यांची पिशवी अशी मंडळी स्थानापन्न झाली. मास्तरांचं अर्धं लक्ष मैदानावर, अर्धं वर. आश्चर्य म्हणजे सासरे खरंच गप्प बसले होते. शेवटची ओव्हर आली, पाहुण्यांना थोड्याच धावा हव्या होत्या, आणि नेमका सासऱ्यांचा फोन वाजला. त्यांचा धाकटा भाऊ घरून ओरडत होता, "अरे, तू टीव्हीवर दिसतोयस! हात हलव!"

सासरे उठले. फोन कानाला, दुसरा हात हवेत. गोलंदाज धावत सुटला होता. फलंदाजाची मान वर होऊ लागलेली मास्तरांना दिसली. समोर नोकरी, डोक्यावर घर. विचार करायला वेळ मिळता तर ते "मामा, जरा बसता का?" म्हणाले असते आणि कारभार आटोपला असता. पण गळ्याला आपली सवय असते.

"ए म्हाताऱ्या, बस खाली! तुझ्या बापाचं मैदान आहे का?"

सासरे मटकन बसले. खेळ थांबला नाही. तो चेंडू कुठे गेला हे मास्तरांनी पाहिलं नाही. ते सासऱ्यांचं उघडं राहिलेलं तोंड पाहत होते. फोन चालूच होता. पलीकडे भावाने सगळं ऐकलं, म्हणजे आता ते साऱ्या नातेवाइकांत पोहोचणार होतं.

मैदान रिकामं झालं तरी मास्तर पडद्याची चाकं पुसत राहिले. शेवटी घरी गेले. दारातच बायको उभी होती. तिने तोंडावर पदर घेतला होता. ती रडते आहे की हसते आहे ते कळेना. आत सासरे बसले होते.

"मैदान माझ्या बापाचं नाही, कबूल," सासरे म्हणाले. "पण हे घर माझ्या बापाचं आहे."

"हो मामा." मास्तर मनात बॅग भरू लागले. "पुन्हा नाही ओरडणार."

"पुन्हा नाही कसं? आत्ता ओरडायचंय." सासऱ्यांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. "वरचा भाडेकरू रोज आपल्या दारात मोटारसायकल आडवी लावतो. चार वर्षं सांगतोय, माझं ऐकत नाही. जा, त्याला सांग. दुपारी मला सांगितलंस तसंच!"

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. मग ते अंगणात गेले, वर मान केली आणि छाती भरून ओरडले. भाडेकरू अर्ध्या दाढीचा साबण पुसत धावत खाली आला आणि गाडी काढून घेऊन गेला. आजूबाजूच्या खिडक्या उघडल्या. मागून सासऱ्यांची खणखणीत शाबासकी आली. त्या घरी राहायला आल्यापासून मास्तर तिथे पहिल्यांदाच मोठ्याने बोलले होते, आणि तेही सासऱ्यांच्या हुकमावरून.