चालू, बंद

ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला, त्यात उजवी बाजू गेली आणि सगळी भाषा गेली. शब्द उरला एकच, ‘चालू’. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात उभी हयात काढलेला माणूस. पाळी बदलताना पुढच्याला ‘पंप चालू, पंखा चालू’ असं सांगून घरी यायचा. तेवढाच शब्द जिभेला चिकटून राहिला. पाणी हवं, चालू. पाठ दुखते, चालू. मी रडायला लागले की माझ्याकडे बघून, चालू. मला नुसतं ‘अगं’ म्हणणंही ह्यांना जमेना.

दुपारी टीव्हीवर हिंदीत डब केलेले साहसपट लागतात. आधी मी नावं ठेवायचे, मग व्यसनच लागलं. सगळ्यांची गोष्ट तीच. मोडलेला माणूस बर्फात नाहीतर जंगलात जातो, पडतो, सोबतचं माणूस त्याच्यावर ओरडतं, तो उठतो आणि शिखरावर पोचेपर्यंत बरा होतो. त्याला डायपर नाही, फिजिओथेरपी नाही, गोळ्यांनी होणारी मळमळ नाही. मला भयंकर चीड यायची. तरी दुसऱ्या दुपारी रिमोट माझ्याच हातात. डॉक्टरांनी हात टेकले होते, मग आशा ठेवायची तरी कशावर?

एका सकाळी मुलीला न सांगता ह्यांना रिक्षात घातलं आणि त्रिरश्मी लेण्यांच्या पायथ्याशी उतरवलं. बाकीचे लोक पांडवलेणी म्हणतात ती. बुद्धपौर्णिमेला आम्ही इथं वंदनेला यायचो, तेव्हा हे पायऱ्या पळत चढायचे आणि वरून ‘अगं, ये की!’ म्हणून मला चिडवायचे. ती हाक मला परत हवी होती. दुसरं काहीच नको होतं.

अर्ध्यावरही पोचलो नाही. ह्यांच्या पायात चप्पल टिकेना, तोंडातून लाळ गळत होती. हे मटकन पायरीवर बसले. आणि मी सिनेमातल्यासारखी ओरडले.

“उठा! अहो, उठा म्हणते ना! वर गेल्याशिवाय बरे नाही होणार तुम्ही!”

काकड्या विकणारी बाई म्हणाली, “बसू द्या की ताई, लय दमलेत ते.”

मी तिच्यावरही खेकसले. ह्यांचा धड हात धरून ओढायला लागले.

ह्यांचे ओठ हलले. “बंद.”

नवा शब्द! इतक्या महिन्यांत पहिला. मी हात सोडून टाळ्याच वाजवल्या, त्या काकडीवालीला मिठी मारायची तेवढी बाकी ठेवली. “बोलले! परत म्हणा, अहो, परत म्हणा ना!” सिनेमे खरे होते तर.

ह्यांनी परत म्हटलं. माझ्याकडे बघत, सावकाश. हात जोडायला गेले, पण एकच हात छातीपर्यंत आला.

“बंद.”

तेव्हा कुठे मला ऐकू आलं, ते काय म्हणत होते ते.