स्कूटरचं व्याज आणि जुलैचा रविवार

माझ्या विजेच्या स्कूटरबद्दल मी बुऱ्हाणपुरात ज्या गोष्टी पसरवल्या आहेत, त्यांतल्या निम्म्या तरी खऱ्या आहेत. असीरगडच्या चढावर ती पुढच्या ट्रकला ढकलत नेते, हे मी थोडं वाढवून सांगतो. पण ती इतकी मुकाट चालते की बुधवारा मोहल्ल्यातली गाय मी निघून गेल्यावर पाच मिनिटांनी बाजूला होते, हे मी स्वतः आरशात पाहिलंय.

शाळेतून निवृत्त व्हायच्या आधी ही स्कूटर मी बँकेचं कर्ज काढून घेतली. बायकोचे गुडघे दुखायचे आणि तिला रोज सकाळी तापीवर जायचं असायचं. जेमतेम वर्षभर ती मागे बसली. ती गेल्यावर घरात अशी शांतता पसरली की फ्रिजची घरघर थांबली तरी मी दचकतो. मागच्या गल्लीतले पॉवरलूम सुट्टीच्या दिवशी बंद असतात, तेव्हा तर मी भिंतीला कान लावून बसतो.

मुलगी पुण्याला असते. फोन करते, नाही असं नाही. "पप्पा, जेवलात? गोळी घेतली? बरं, ठेवते." एकदा मी तिला केळीच्या बागेत भेटलेल्या अजगराची गोष्ट सुरू केली होती. अजगर अजून शेपटीपर्यंतही आला नव्हता, तोच ती म्हणाली, "नंतर सांगा ना पप्पा." तो अजगर अजून तिथेच आहे.

अपवाद फक्त जुलैतल्या एका रविवारचा. त्या दिवशी ती माझं इन्कम टॅक्सचं रिटर्न भरते, व्हिडिओ कॉलवर. गाडी विजेची असेल आणि कर्ज ठरलेल्या मुदतीत मंजूर झालेलं असेल, तर वर्षाला दीड लाखापर्यंतचं व्याज उत्पन्नातून वजा करून मागता येतं. माझं व्याज त्या दीड लाखाच्या शेजारी उभं केलं तर हत्तीजवळची मुंगी, आणि तीही उपाशी. पण मी ते कधी सोडलं नाही, कारण त्याला कागद लागतात, आणि कागद वाचायला वेळ लागतो.

त्यासाठी मी जूनपासूनच तयारीला लागतो. व्याजाचं सर्टिफिकेट आणायला बँकेत जायचं. तिथला बाबू लांबूनच ओरडतो, "आ गए मास्टरसाब, ब्याजवाले!" मग एक चहा. मग त्या रविवारी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून मी मोबाइलसमोर बसतो आणि एकेक आकडा असा वाचतो, जसा वर्गात नद्यांची नावं वाचायचो. कर्ज कधी मंजूर झालं, खात्याचा नंबर, बाकी किती, गाडीचा नंबर. फॉर्ममध्ये हे सगळं विचारायला लागले, तेव्हा लोक वैतागले. मी सरकारला मनोमन मावा जिलेबी खाऊ घातली.

आणि शेवटी ओटीपी. सहा आकडे. ते ठरावीक मिनिटांत सांगितले नाहीत तर वाया जातात. आता कबूल करतो: माझा चष्मा तेव्हाच हरवायचा. चष्मा सापडला की मी सातच्या जागी एक वाचायचो. "पप्पा, चुकला. पुन्हा पाठवते." मग पुन्हा थांबायचं. त्या थांबण्यात ती ऑफिसचं बोलायची, आईच्या हातच्या गोड दराब्याची आठवण काढायची. गेल्या वर्षी तो रविवार मी दोन तास चालवला.

यंदा तिने फोन लावला तो घाईतच.

"पप्पा, कागद काढू नका. मी काल टॅक्सच्या जुन्या आणि नव्या, दोन्ही पद्धतींनी मांडून पाहिलं. नव्या पद्धतीत तुमचा टॅक्स शून्य येतो."

"आणि माझं व्याज?"

"नव्यात ते वजा होत नाही. गरजच नाही त्याची! जुन्या पद्धतीपायी मागच्या वर्षी उगाच पैसे भरलेत तुम्ही. कोण तो वकील तुमचा, जो म्हणाला नव्यात म्हातारे फसतात?"

"होता एक."

वकील खरंच होता, इथलाच, रिटर्न भरणारा. पण त्याने मला बरोबर उलटं सांगितलं होतं. ऐकून मी त्याला नमस्कार केला होता आणि जुन्याच पद्धतीला चिकटून राहिलो होतो. दोन तासांसाठी तेवढा टॅक्स मला महाग वाटला नव्हता.

"बेटा, गाडीचा नंबर तरी घे. एमपी..."

"पप्पा." तिने डोळे चोळले. मागे कुकरची शिट्टी झाली. तिच्या डोळ्यांखाली तिच्या आईसारखी काळी वर्तुळं आलेली मला दिसली. "आठवड्यातला एकच दिवस मिळतो हो मला. ओटीपी आला का?"

आला होता. चष्मा नाकावरच होता. सातच्या जागी एक म्हणायला माझी जीभ वळली होती.

मी सहाही आकडे बरोबर सांगितले.

"अरे वा! पहिल्याच झटक्यात!" ती हसली. "झालं पप्पा. जेवून घ्या. ठेवते."

फोनवर वेळ दिसली: अकरा मिनिटं. इस्त्रीच्या शर्टाची घडीसुद्धा मोडली नव्हती. बँकेतून आणलेलं सर्टिफिकेट मी तरीही पहिल्या अक्षरापासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत मोठ्याने वाचलं. मग स्कूटर काढली आणि तापीपर्यंत जाऊन आलो. मागचं पायदान अजून उघडंच ठेवतो मी. कुणी विचारलं, तर म्हणतो, त्याने गाडीचा तोल राहतो.