लाल होणारा व्हॉल्व्ह

चालू यंत्राला हात लावायची वेळ आली की नलूताई आधी डावा हात पाठीमागे नेत आणि पदराचं टोक मुठीत घट्ट धरत. मग सगळं काम एकट्या उजव्या हातानं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, हाताला काही लागलं असावं. विचारलं तर म्हणाल्या, "दोन्ही हात आत घातले की वीज छातीतून जाते रे. एक हात आपल्यापाशी ठेवायचा."

भोसरीत मी त्यांच्या शेजारच्या खोलीत तीन वर्षं भाड्यानं राहिलो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. शहरात कुणाशी काय बोलावं हे मला कळत नसे. नलूताई मात्र भिंतीपलीकडून हाक मारत, "दत्ता, चहा झालाय, पुस्तक घेऊनच ये." त्या रेडिओ बनवणाऱ्या एका कंपनीत वायरिंगच्या टेबलावर होत्या. त्या टेबलावर सगळ्या बायका, आणि पलीकडे टेस्टिंगला सगळे पुरुष. असं का, हे त्यांनी एकदा विचारलं होतं. "तिथं करंट असतो," एवढंच उत्तर मिळालं.

म्हणून त्यांनी घरीच ॲम्प्लिफायर बांधायला घेतला. ॲल्युमिनियमचा पत्रा वाकवून खालची बैठक, म्हणजे चेसी, केली, जुन्या बाजारातून बल्बसारखे काचेचे व्हॉल्व्ह आणले, कथलाचे डाग देऊन सगळे जोड स्वतः केले. 'मला टेस्टिंगला घ्या' या त्यांच्या पाठपुराव्याला टेस्टिंगचे दातार साहेब कंटाळले आणि म्हणाले, "रविवारी चारला येतो. तुमचा ॲम्प्लिफायर वाजला तर वरती शब्द टाकीन. नाही वाजला तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

त्या रविवारी दुपारी ॲम्प्लिफायर बिघडला. ट्रान्झिस्टर जोडून लावलेलं गाणं घोगरं, फाटकं येऊ लागलं आणि मोठ्या व्हॉल्व्हच्या काचेआतला पत्रा हळूहळू लाल झाला. नलूताईंनी झटकन बटण बंद केलं. त्यांच्याकडे तसला दुसरा व्हॉल्व्ह नव्हता, आणि रविवारी दुकानंही बंद.

"व्हॉल्व्हच गेला असेल," मी म्हणालो.

"असेल म्हणू नकोस. मीटर काय म्हणतो ते बघू."

एरवी मीटरवरचा आकडा त्यांचे यजमान वाचून दाखवत, कारण मोजताना नलूताई मीटरच्या वायरीच्या टोकावरची नजर हलवत नसत. यजमान त्या दिवशी ओव्हरटाइमला गेले होते. मीटर माझ्यासमोर आला. दाराशी त्यांच्या सासूबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. नलूताई त्यांना आत्याबाई म्हणत, म्हणून मीही तेच म्हणे. सुनेच्या या उद्योगाला त्यांनी कधी आडकाठी केली नव्हती, पण एक अट होती. गळ्यातलं उतरवायचं नाही. नलूताई मंगळसूत्र पाठीवर टाकून ब्लाउजमध्ये खोचून घेत.

"पत्रा लाल व्हायच्या आत मोजायचं," त्या म्हणाल्या. "काटा थांबला की लगेच बोल. लाजू नकोस."

मीटरच्या काळ्या वायरीचा चिमटा चेसीला लावला, डावा हात मागे गेला. मी बटण चालू केलं. व्हॉल्व्ह तापायला वेळ लागतो. नलूताई लाल वायरीचं टोक घेऊन खाली वाकल्या आणि त्याच क्षणी खोचलेलं मंगळसूत्र सुटून पुढे आलं. ते उघड्या जोडांच्या वर बोटभर अंतरावर लोंबत होतं. तिथं तीनशे व्होल्ट होते, हे मला माहीत होतं. ओरडावं की बटण बंद करावं, हे मला ठरवता येईना.

"नलू, हाय तशी ऱ्हा," आत्याबाई शांतपणे म्हणाल्या. "दत्ता, बटण."

मी बटण बंद केलं. तरी नलूताई हलल्या नाहीत. वीज बंद केली तरी कंडेन्सरमध्ये ती साठून राहते. मीटरचा काटा शून्यावर येईपर्यंत त्या तशाच वाकून राहिल्या. मगच सरळ झाल्या.

आत्याबाई उठल्या. ताटातले तांदूळ बाजूला सारले, सुनेच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि मंगळसूत्र स्वतःच्या हातानं उतरवून घेतलं.

"आत्याबाई, राहू द्या. मी घट्ट बांधते."

"बांधू नको. माझ्या मुठीत हाय ते. तू तुजं काम कर. माज्या पोराचं आयुष्य तुज्या जिवाला धरून हाय, ह्या मण्यांला न्हाई."

पुन्हा बटण चालू केलं. व्हॉल्व्हच्या ज्या पायावर काहीच व्होल्ट नसायला हवेत तिथं काटा पंधरावर गेला. मी लगेच आकडा सांगितला. बटण बंद करून नलूताईंनी व्हॉल्व्ह गार होऊ दिला, उपसून बाजूला ठेवला आणि पुन्हा बटण लावून रिकाम्या खाचेत त्याच पायाची जागा मोजली.

"अजून आहेत," मी म्हणालो. "व्होल्ट अजून आहेत."

"मग व्हॉल्व्हचा दोष नाही. तो बिचारा इथं बसलाय." त्या पहिल्यांदा हसल्या. "अलीकडचा कंडेन्सर गळतोय, त्यातून वीज झिरपतेय."

जुन्या रेडिओतून काढलेला एक कंडेन्सर डब्यात होता. तो आधी तपासला, मग जोडला. डागही त्यांनीच दिला. मी फक्त उजेडासाठी बॅटरी धरली होती.

दातार साहेब चारच्या आधीच आले. मोकळ्या गळ्याकडे त्यांची नजर गेली. ते काही बोलण्याआधीच आत्याबाईंनी मूठ उघडून दाखवली. "मी काढून ठिवलंय. करंट असतो ना तिथं."

साहेब खुर्चीवर बसले. "तासभर चालू ठेवा. नवा डाग पहिली पाच मिनिटं कुणाचाही टिकतो."

तासभर सगळ्यांचे डोळे व्हॉल्व्हमधल्या पत्र्यावर होते. ट्रान्झिस्टरवरून आलेला आवाज लाकडी पेटीतल्या स्पीकरमधून घुमत होता. चहा आला, तो निवला. पत्रा काळाच राहिला. शेवटी साहेबांनी स्वतः मीटर घेऊन दोन ठिकाणी मोजलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "उद्या वायरिंगच्या टेबलावर बसू नका. माझ्याकडे या. वर काय सांगायचं ते मी बघतो."

पुढे काही महिन्यांनी त्यांच्या मागोमाग आणखी दोघीजणी टेस्टिंगला गेल्या. मी आता पुण्यात वसतिगृहावर असतो. प्रयोगशाळेत माझा काही अंदाज चुकला की त्या रविवारची आठवण येते. पण सगळ्यात जास्त आठवतं ते साहेब गेल्यानंतरचं. नलूताई भिंतीला टेकून जमिनीवरच बसल्या. मग त्यांनी मला विचारलं, "आवाज स्वच्छ होता ना रे? गाणी कुठली लागली होती?"

मी आठवून पाहिलं. एकही आठवेना. मी आत्याबाईंकडे पाहिलं.

"गाणी?" आत्याबाई म्हणाल्या. "गाणी लागली व्हती व्हय?"