सुना तयार करण्याचा वर्ग

सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून माझी उभी हयात गेली. निवृत्तीनंतर वेल्ह्याकडच्या एका शाळेत अकरावी-बारावीच्या मुलांना आरोग्यसेवा शिकवायला लागले. बीपी मोजणं, जखम बांधणं, घरोघर जाऊन गरोदर बायकांची चौकशी करणं. वाटलं होतं, दवाखान्यांना गावचीच माणसं मिळतील. कसलं काय.

पहिल्या दिवसापासून मी एकच गोष्ट घोकून घेते. पेशंटला हात लावण्याआधी विचारायचं. म्हातारं असो नाहीतर शेंबडं पोर, विचारायचं.

गुंजवणे गावची एक मुलगी यात पक्की तयार झाली. तिला पुण्याला नर्सिंगला जायचं होतं, आणि प्रवेशासाठी मीच धावपळ करत होते. बारावीचा निकाल लागला आणि तिचे वडील नसरापूरच्या स्टँडवर भेटले.

"सिस्टर, रविवारी घरी या. पोरीला बघायला पाव्हणं येत्यात. सारोळ्याचं स्थळ हाय, लई चांगली माणसं."

"अहो, आणि तिचं नर्सिंग?"

"ते आता सासरची बघतील की."

पोरीला अठरा पूर्ण झालेली. म्हणजे कायद्याचं नाव काढायचीही सोय नाही.

रविवारी गेले. मला मानानं खुर्ची दिली. पोहे झाले. मग मुलाची आई बाही वर सरकवत म्हणाली, "मला बीपी बी हाय आन शुगर बी. बघू तरी हिला जमतंय का."

पोरीनं सरावासाठी घरी दिलेलं शाळेचं मशीन काढलं, समोर बसली आणि विचारलं, "हात लावू का, मावशी?"

सगळी खोली हसली. "आगं, इचारती काय? आता घरचीच तू."

तिनं पट्टा नीट बांधला, आकडा सांगितला. "हात हलका हाय," बाई म्हणाल्या, आणि तिथंच सुपारी फोडायची भाषा सुरू झाली. माझं डोकं तडकलं. म्हटलं, "पोरीला विचारा तरी."

"तिला काय इचारायचं? ल्हान हाय ती," वडील म्हणाले.

लग्नाला मोठी आणि विचारायला लहान. संताप झाला माझा, पण तिथं माझं ऐकतंय कोण.

निघताना ती मोरीपाशी कप विसळत होती. हात पुसून तिनं मशीनची पिशवी माझ्याकडे दिली. "बाई, ह्ये शाळेत जमा करा. सारोळ्याला त्यांच्याकडं घरचं हाय."

यंदा माझा वर्ग भरून वाहतोय. आईबाप स्वतः येऊन सांगतात, "सिस्टर, आमच्या पोरीला बी तेवढं शिकवा. स्थळं चांगली येत्यात." पहिल्या दिवशी पट्टा हातात घेऊन उभी राहिले, तर "आधी विचारायचं" एवढं म्हणताना माझी जीभ अडखळली. पोरींनी ते वहीत लिहून घेतलं.