सव्वासहाची बस

मी देश सोडला त्या दिवशी निरोप आप्पांना मी दिला, आप्पांनी मला नाही. त्यांची फर्स्ट शिफ्ट होती. धाटावच्या कंपनीची बस सकाळी सव्वासहाला आमच्या रोह्याच्या नाक्यावर यायची आणि मला मुंबईला नेणारी गाडी दुपारची होती. "एक दिवस रजा टाका की," असं आई आठवडाभर म्हणत होती. "विमान काय मी चालवनार हाय? मी नसलो तरी उडंल," हे आप्पांचं उत्तर. मग मीच त्यांच्याबरोबर नाक्यापर्यंत चालत गेले. बस आली, आप्पा पायरीवर चढले, वळून म्हणाले, "पोचलीस की मिस कॉल दे." पुढच्या सीटवरच्या म्हात्रेकाकांनी नेहमीसारखी खिडकीतून हात काढून पत्र्यावर दोनदा थाप मारली, "चला" म्हणाले आणि बस गेली. मी तिथे बराच वेळ उभी होते. सगळ्यात जास्त राग मला त्या थापेचा आला होता.

त्याला सात वर्षं झाली. या सात वर्षांत मी पाच खोल्या बदलल्या. एक सोडली ती शेजारी फार भांडायचे म्हणून, आणि दुसरी सोडली ती कुणीच भांडत नव्हतं म्हणून. दोन खोकी अजून उघडलेली नाहीत, त्यांत काय आहे ते आता मलाही धड सांगता येणार नाही. पाण्याचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी आहे, काम चांगलं आहे, माणसं चांगली आहेत, आणि तरी रोज संध्याकाळी बूट घालून मी उगाचच शहरभर चालत सुटते. दमले की खोलीवर जाते. 'घरी जाते' असं इथे माझ्या तोंडून कधी येत नाही, 'खोलीवर' असंच येतं. जे माझ्यासारखे बाहेर पडलेत त्यांना हे समजावायला नको. जे रोह्याला राहिलात त्यांना एवढंच सांगते, की फोनवर मी "मजेत आहे" म्हणते ते खोटं नसतं, अर्धं असतं.

अशीच चालत सुटले असताना मला कॉलेज रेडिओ सापडला. लायब्ररीच्या तळघरात दोन खोल्या, भिंतींना अंड्यांच्या ट्रेसारखे फोम चिकटवलेले, आणि दारावर कागद: 'कुणीही या, काम आहे.' शहरातली माणसंही तिथे कार्यक्रम करतात, विद्यार्थी असायलाच हवं असं नाही. हा रेडिओ दर वर्षी एप्रिलच्या शेवटी एक महोत्सव भरवतो. त्यात गाणी नसतात. एक बाई सायकलचं चाक उलटं टांगून त्यावर व्हायोलिनची काठी फिरवते. एकजण बर्फाच्या लादीत माइक गोठवून आणतो आणि दोन तास तो बर्फ वितळताना आपण ऐकतो. पहिल्या वर्षी मला हसू आवरेना, तोंडावर रुमाल धरून बाहेर पळाले होते. पण बाहेर वायरी जमिनीला चिकटवायला माणूस हवा होता, ते काम माझ्या गळ्यात पडलं आणि मी तिथलीच झाले.

कारण ते हुबेहूब आपलं गणपतीचं मंडळ होतं. पगारी माणूस एक नाही. माइकवरून भांडणं तीच, 'मीच एकटा खुर्च्या उचलतो' म्हणणारा तोच, आणि ऐन वेळी गायब होऊन फोटोला उगवणाराही तोच. मी वायरी चिकटवायचे आणि साठ स्वयंसेवकांची खिचडी करायचे. वर्षातले ते चार दिवस मी चालायला जायचे नाही.

आईला हे सांगितलं तेव्हा तिने फोन स्पीकरवर टाकला.

"कसला कार्यक्रम म्हनालीस?"

"आवाजांचा."

"गानी नायत?"

"नाहीत."

"तिकीट काढून येतात लोकं?"

"तिकीट नाही गं, फुकट आहे."

"तरीपन येतात?" हे मागून आप्पा.

यंदा महोत्सवाचं सगळं सांभाळणाऱ्या नोराने, विद्यार्थिनीच आहे ती, मला विचारलं की इतकी वर्षं वायरी चिकटवतेस, तू स्वतः काही का करत नाहीस. योग असा की एप्रिलअखेर आप्पा रिटायर होणार होते. छत्तीस वर्षं बॉयलरवर. मला जायचं होतं, पण माझे व्हिसाचे कागद अडकलेले. इथून बाहेर पडले तर परत आत येता येईल याची खात्री कुणी देईना. म्हणजे ज्या माणसाने मला सोडायला रजा टाकली नाही, त्याच्या शेवटच्या शिफ्टला मीही नसणार. फिट्टंफाट म्हणावं तर तसं वाटतही नव्हतं. मग मी ठरवलं, मी जाऊ शकत नाही तर तिथले आवाज इथे आणायचे. आप्पांच्या शेवटच्या दिवशी, तिकडे सव्वासहाची बस नाक्यावर येईल नेमक्या त्या वेळी, इथे आमच्या आदल्या रात्री पावणेनऊला ते आवाज वाजवायचे. नोराकडून ती वेळ मी हट्टाने मागून घेतली.

आप्पांच्या फोनवर रेकॉर्डिंगचं अ‍ॅप टाकून घेतलं आणि यादी दिली. कंपनीची बस. गेटसमोरची चहाची टपरी. आणि पेणला रामवाडीत मामाचा गणपतीचा कारखाना, जिथे मी सगळ्या मे महिन्याच्या सुट्ट्या मूर्तींना पॉलिश पेपर घासत काढल्या. बारा बायकांचे हात एकदम चालले की जो घसघस आवाज होतो, आणि मागे रंगाच्या फवाऱ्याचा कंप्रेसर, तो मला हवाच होता. आप्पा रविवारी त्यासाठी मुद्दाम पेणला जाऊन आले.

फाइली आल्या. मी हेडफोन लावला. काहीच नाही. पहिल्या फाइलीत तीन मिनिटं काही नाही, दुसरीत चार मिनिटं काही नाही, तिसरीत सहा मिनिटं. मधेच आप्पांची कुजबुज, "चालू हाय ना?" आणि पुन्हा शुकशुकाट. महोत्सवाला आठ दिवस राहिलेले, कार्यक्रमपत्रिका छापून झालेली. मी फोन केला आणि तोंडाला येईल ते बोलले. "आप्पा, यात काही नाहीच्चे. साधं एक काम सांगितलं होतं. सगळं फुकट गेलं."

"बरं," आप्पा म्हणाले आणि त्यांनी फोन आईकडे दिला.

त्यानंतर ते माझ्याशी बोलेनात. फोन केला की आई म्हणायची, "जेवतायत," "अंघोळीला गेलेत," एकदा तर "झोपलेत," आणि मागून त्यांच्या खोकल्याचा आवाज. चौथ्या दिवशी तिलाच राहवलं नाही.

"तू बोललीस ते बोललीस. पन तुला ठाव हाय का काय केलं त्यांनी? टपरीवाल्याला स्टो बंद करायला लावला. पेनला तुझ्या मामाचा कारखाना बंद केला. पंखे बंद, तो कंप्रेसर बंद, बायका हात मांडीवर घेऊन बसल्यावत्या. आनि बस! नाक्यावर डायवरला इंजिन बंद करायला लावलं आनि चाळीस मानसांना सांगितलं, कुनी हूं करायचं नाय, सुजाच्या रेडिओसाठी हाय. कंपनीत लेट झाले गो. छत्तीस वर्सांत पयल्यांदा लेट लागला त्यांना."

मी फोन ठेवला आणि मला मस्कतचा काका आठवला. मी लहान असताना आम्ही त्याला पत्र लिहीत नसू, कॅसेट पाठवत असू. कॅसेट भरायचा दिवस म्हणजे घरात कर्फ्यू. आप्पा खिडक्या लावायचे, पंखा बंद करायचे, भिंतीवरचं घड्याळ काढून गोधडीत गुंडाळायचे, शेजारच्या घरी सांगून यायचे की अर्धा तास कांडप नको. आम्ही घामाने निथळत एकेक करून बोलायचो, "काका, मी सुजा बोलतेय, इकडे सर्व खुशाल आहे." लांबच्या माणसाला आवाज पाठवायचा म्हणजे आपलं सगळं थांबवायचं, एवढीच रेकॉर्डिंगची रीत आप्पांना ठाऊक होती. आणि मी त्यांना फक्त "रेकॉर्ड करा" एवढंच म्हणाले होते. काकाने कधी काय बोलायचं याची यादी पाठवली नव्हती, हेही मी विसरले होते. मला माझीच लाज वाटली.

त्या फाइली मी परत ऐकल्या, या वेळी आवाज पूर्ण चढवून. कारखान्यात एक बाई हसू दाबते आणि दुसरी तिला चापट मारते. टपरीवर उकळता चहा हळूहळू निवत जातो. बसमध्ये कुणाच्या तरी डब्याचं झाकण खणकतं, कुणीतरी खोकला गिळतं, लांब कुंडलिका नदीच्या बाजूला कावळे ओरडतात, आणि अगदी जवळ, फोनला लागूनच, आप्पांचा श्वास. बॉयलरजवळ काम करणाऱ्या माणसाचा असतो तसा जरा घरघरणारा.

मी आईला निरोप दिला, "आप्पांना सांग, सगळं आहे तसं वाजवणार आहे. शनिवारी सकाळी सव्वासहाला इंटरनेटवर लागेल. ऐकलं तर बरं वाटेल. आणि सांग, माझंच चुकलं. गप्प करायला नको होतं कुणाला, चाललंय तसं चालू द्यायचं होतं, हे मी आधी सांगायला हवं होतं."

महोत्सवात माझ्या आधी ती सायकलच्या चाकवाली बाई होती, तिला टाळ्याही चांगल्या पडल्या. मी माइकपाशी गेले आणि एवढंच सांगितलं की ही माझ्या गावची माणसं आहेत आणि ती माझ्यासाठी काम थांबवून बसली आहेत. मग तेरा मिनिटं ते वाजलं. पाच-सहाजण उठून गेले, त्यांचा मला राग आला नाही, मीही पहिल्या वर्षी पळालेच होते. बाकीची जमिनीवर बसून राहिली. संपल्यावर नोराने विचारलं, बसमध्ये किती माणसं आहेत. चाळीस, मी म्हटलं. माझं सगळं लक्ष खिशातल्या फोनकडे होतं. तो वाजला नाही. वायरी गुंडाळताना नाही, खुर्च्या रचताना नाही.

रविवारी सकाळी एक फाइल आलेली दिसली. मजकूर काही नाही, नुसती फाइल. जवळजवळ नऊ तासांची. मला वाटलं आप्पांची बोटं चुकून कुठेतरी लागली.

सुरुवातीलाच इंजिनाची धडधड. मग आप्पा, जवळजवळ ओरडत, "चालू हाय. आज कुनाला गप केलेलं नाय." म्हात्रेकाकांच्या फोनवर रेडिओ लावलेला होता, त्यातून माझं इंग्रजी बोलणं चिरकं ऐकू येत होतं आणि त्यावर बसचे गिअर, हॉर्न, चाळीस माणसांचा गलका. कुणीतरी म्हणालं, "काय पन ऐकू येत नाय." आप्पा म्हणाले, "तूच हायस त्यात, गप बसलेला." सगळी बस हसली. म्हात्रेकाका ओरडले, "सुजे, आमची नावं सांगितलीस काय गो तिकडं?"

मग गेट. कंपनीत फोन न्यायला बंदी आहे, गेटवर लाकडी खणांत ठेवून जावं लागतं. वॉचमन म्हणाला, "काका, फोन." आप्पा म्हणाले, "हा घे. पन बंद करू नको. लेक म्हनली, चाललंय तसं चालू दे." लाकडावर फोन टेकल्याचा आवाज, आणि मग आठ तास गेट. टँकरचे ब्रेक, वॉचमनचं नाट्यगीत, शेजारच्या खणांत वाजून वाजून बंद पडणारे दुसऱ्यांचे फोन, बारा वाजता चहाचे ग्लास. यात आप्पा कुठेच नव्हते. ते आत होते, बॉयलरवर, शेवटच्या दिवशी, आणि मी गेटवर बसून होते.

मी ते आठवडाभर ऐकलं, रोज संध्याकाळी चालताना दीड-दीड तास. एकही मिनिट पुढे ढकललं नाही. शुक्रवारी नदीवरच्या पुलावर होते तेव्हा तीनचा भोंगा झाला. पावलं आली, खूप पावलं. कुणीतरी नारळ आणि शाल सांभाळून धरायला सांगत होतं. फोन खणातून उचलला गेला आणि तो घरघरणारा श्वास एकदम माझ्या कानाशी आला.

"सुजे, सुटलो गो."

बसची पायरी वाजली. पत्र्यावर थाप पडली, दोनदा, आणि म्हात्रेकाका म्हणाले, "चला." मी पुलाच्या कठड्याला धरून रडत होते, आणि या वेळी त्या थापेचा राग आला नाही.

"घरी चाललो मी," आप्पा म्हणाले. "तू पन जा आता घरी. किती येळ ऐकत उभी राशील?"

फाइल तिथे संपली. मी वळले आणि घरी आले. घरी, असं लिहून गेले आहे. राहू दे, खोडत नाही.