सीटखालचा फ्यूज

"काकी, तुझा फ्यूजच भिकार हाय. परत उडाला," दिलीप म्हणाला.

"उडतो म्हणजे काम करतो. तुझी वायर कुठेतरी सोललीय. चटई काढू दे मला."

"चटई काढायला संध्याकाळ व्हईल. मला हळदीच्या भाड्याला जायचंय. फ्यूज काढ, तार गुंडाळ नि सोड मला."

"नाही गुंडाळणार."

दुपारपासून आमचं हेच चाललं होतं. दिलीप बोर्ली पंचतनच्या आमच्या स्टँडवरचा व्हॅनवाला. सकाळी शाळेची पोरं, संध्याकाळी हळदीची वऱ्हाडं. कंपनीचा स्टिरिओ हळदीला पुरत नाही म्हणून पठ्ठ्याने मोबाइलवर व्हिडिओ बघून स्वतःच ॲम्प्लिफायर जोडला. बॅटरी पुढच्या सीटखाली, ॲम्प्लिफायर मागच्या बाकाखाली, मधली जाड वायर चटईखालून. त्याच चटईवर शाळेची पोरं पाय ठेवून बसतात. फ्यूज तेवढा मी घातला, बॅटरीला अगदी लागून, त्याला न विचारता. वायर तापून पेटायच्या आत तो उडतो आणि गाणी बंद पडतात.

स्टँडसमोरचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान माझं. गाडी दुरुस्त होऊन जाते आणि किस्सा मागे राहतो. कुठल्या गाडीचे ते कळेनासे झालेले स्क्रू डब्यात साठतात ना, तसे हे साठलेत.

एकदा दिवेआगरला निघालेले एक पाहुणे आले. स्पीकर फाटल्यासारखा वाजत होता. मी म्हटलं, बसा. बसले. मी दाराचं पॅनल खोलायला गेले तर म्हणाले, "राहू द्या मावशी, मिस्त्री येऊ दे." मी बाकीची कामं उरकली. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "मिस्त्री तुमचे यजमान का?"

"यजमान वारले," मी म्हटलं. "आणि असते तरी त्यांना बल्ब बदलता येत नव्हता."

मला कुणी शिकवलं नाही. शॉक खात शिकले. म्हणूनच भीती काय असते ते मला नीट ठाऊक आहे.

नरेशचा किस्सा सगळा स्टँड हसत सांगतो. आगरदांड्याला फेरीबोटीची वाट बघताना आपले ड्रायव्हर काय करतात? इंजिन बंद, गाणी फुल. नरेशने रांगेत गाणी लावली ती फेरीबोटीतही चालूच. दिघीला बोट लागली, याची गाडी सगळ्यात पुढे, आणि सेल्फ मारतो तर नुसतं टक टक. इंजिन फिरवायला बॅटरीत दम नाही, गाणं मात्र चालू! मागच्या गाड्यांचे हॉर्न, खलाशांच्या शिव्या. शेवटी पाच-सहा जण ढकलायला लागले. नरेश लाजून गाणं बंद करायला गेला, तर मासळीची पाटी घेतलेली एक बाई ओरडली, "ऱ्हाऊ दे रे, ठेका ढकलायला बरा पडतो."

मागच्या गाडीत एक तापाने फणफणलेलं पोर होतं, त्याला दवाखान्यात न्यायचं होतं. तो भाग कुणी सांगत नाही. मी सांगते.

सुभाषच्या गाडीत वेगळीच तऱ्हा. ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून शिट्टी यायची. घाटात चढली की शिट्टीपण चढायची. त्याची आई घाबरली, गाडीला काहीतरी लागलंय म्हणून तिने देवळात नारळ फोडला. शिट्टी तशीच. मग आले माझ्याकडे. खाऱ्या हवेने अर्थिंगचा पितळी बोल्ट गंजून हिरवा पडला होता. पॉलिश पेपरने घासला, शिट्टी गायब.

"म्हणजे नारळ फुकट गेला?" सुभाष म्हणाला.

"उरलेल्या नारळाचं काय केलंत?"

"आईने चटणी केली."

"मग फुकट कसा?"

पण अल्ताफचं ऐका. त्याचा मासळीचा पिकअप. त्याचाही फ्यूज असाच उडायचा. त्याने सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद फ्यूजवर गुंडाळला. गाणी झकास वाजली. दुसऱ्या दिवशी चढणीवर सीटखालून धूर. उडी मारून बॅटरीची वायर उपटली, हात भाजला, मागच्या बर्फाचं पाणी सीटवर ओतलं. अजून त्या गाडीत बसलं की पापलेटचा वास येतो. अल्ताफ म्हणतो, "मावशी, वास येऊ दे, नाक शाबूत हाय ते काय कमी हाय?"

तेव्हा त्याच्या शेजारी कुणी बसलं नव्हतं. अल्ताफ मोठा माणूस, उडी मारता आली. बाकावर दाटीवाटीने, दप्तरं मांडीवर घेऊन बसलेल्यांना उडी कशी मारता येईल? हेच माझ्या डोक्यातून जात नाही. दिलीपची व्हॅन स्टँडवर आली की मी आधी चटईवर हात ठेवून बघते, गरम लागते का. लोक हसतात. हसू देत.

तर हे सगळं मी दिलीपला ऐकवलं. त्याने घड्याळ बघितलं.

"झाल्या गोष्टी सांगून? पोरांना काय व्हतंय, मी असतो ना गाडीत. तू नसशील करत तर मी करीन. पक्कड दे."

मी पक्कड दिली नाही. हात पुसले, शटर अर्धं ओढलं आणि जाऊन त्याच्या व्हॅनमध्ये पुढे बसले.

"आता कुठं निघालीस?"

मी म्हटलं, "सकाळी ज्या क्रमाने पोरं घेतोस त्याच क्रमाने गाडी एकेका दारात थांबव, आणि फ्यूज तुला का नको ते प्रत्येक पोराच्या आईला तूच सांग."