अंदाजमावशीच्या टाकीतला कांदळ

कामगारांच्या खानावळीत जिनं आयुष्य घातलं, त्या बाईला मोजमाप म्हणजे हाताचा अपमान वाटायचा. चिमूट, मूठ आणि पसा, एवढीच तिची मापं. कुणी विचारलं, "मावशी, मीठ किती चमचे?" की ती फणकारायची, "चमच्याला काय कळतंय? अंदाजानं घाल." म्हणून तिचं नाव पडलं अंदाजमावशी. आणि सांगायला अभिमान वाटतो, तिच्या हातचं कधी अळणी झालं नाही की खारट.

तिचा थोरला भाऊ खाडीत होडी चालवायचा. त्याच्या काठावर कांदळाचं एकच झाड उरलं होतं, खेकड्यासारखे पाय पसरून चिखलात उभं. त्यांचे वडील त्याच झाडाला होडी बांधत. त्याच्या मुळांना लोंबकळत ही भावंडं पोहायला शिकली. एका वादळात ते झाड आडवं झालं. कांदळाचं बी आईच्या अंगावरच रुजतं आणि हिरव्या पेन्सिलीसारख्या लांब शेंगा होऊन लोंबत राहतं. भावानं त्यातल्या काही चिखलात खोचल्या, तर खेकड्यांनी कुरतडून टाकल्या. उरलेल्या ओल्या गोणपाटात गुंडाळून तो बहिणीच्या दारात उभा राहिला. हातात खाडीच्या पाण्याचे डबे.

"एवढ्याच राहिल्यात गं. या गेल्या की आपल्या काठावरचा कांदळ संपला. खेकड्याला दाद देणार नाहीत इतक्या मोठ्या कर, मग मी नेतो."

"दादा, मी स्वयंपाकीण. माळीण नव्हे."

"तू एवढ्या माणसांना जगवतेस. झाडं काय जड आहेत तुला?"

मुलगा सुनेला घेऊन नोकरीसाठी परगावी गेल्यापासून त्याची माशांची काचेची टाकी पलंगाखाली धूळ खात होती. मावशीनं ती ओढून काढली, घासली, खिडकीशी मांडली. तळाशी वाळू, वर खाडीचं पाणी, आणि वाळूत उभ्या खोचलेल्या शेंगा. मुलाचा जुना पंप पुन्हा बुडबुडे सोडू लागला. काही आठवड्यांत काचेला चिकटून पांढरी मुळं दिसली, तेव्हा ती हातातलं लाटणं घेऊनच नाचली.

"अहो, या ना इकडं! पाय फुटले, पाय!"

नवरा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा, शाईचे हात घेऊन आला. "आता चालायला लागतील आणि आपल्याला घराबाहेर काढतील," म्हणाला. तरी रोज कामावरून आल्यावर पहिला तोच टाकीत डोकवायचा.

टाकीतलं पाणी हळूहळू खाली जाई. मग मावशी बादलीत पाणी घेई, त्यात जाडं मीठ विरघळवी आणि टाकी काठोकाठ भरी. रस्सा वाढवायचा तर पाणी, आणि पाण्यामागून मीठ. हे तिच्या हातात इतकं मुरलेलं की डोक्याला विचारायची गरजच नव्हती.

नवरा हसायचा. "डॉक्टरांनी तुझ्या पानातलं मीठ बंद केलं. त्याचा सूड झाडांवर काढतेस होय?"

"खाऱ्या पाण्याची लेकरं आहेत ती. अळणी कशी ठेवू?"

पण लेकरं सुकू लागली. एकेका शेंगेचा शेंडा काळा पडला, अंग सुरकुतलं. मावशी रोज एक मेलेली शेंग उपसून काढी आणि तोंड फिरवून उभी राही. शेवटी दोनच हिरव्या उरल्या. भावाचा फोन आला की ती म्हणे, "आहेत, आहेत," आणि घाईनं दुसरं काहीतरी बोले.

एका दुपारी कारखान्याची पाळी उशिरा सुटली. रस्सा मंद आचेवर ताटकळत राहिला. वाढण्याआधी मावशीनं पळीभर चाखला आणि तिचा चेहरा उतरला. खारट! मघाशी तर अगदी बेताचा होता, आणि मिठाला तर कुणी शिवलंही नव्हतं. तिनं सवयीनं तांब्याभर पाणी ओतलं, सवयीनंच हात मिठाच्या डब्याकडे गेला आणि डब्यात शिरायच्या आधी थांबला.

"अगं बाई! पाणीच उडालं. मीठ कुठं जातंय?"

हे काय तिला ठाऊक नव्हतं? खानावळीतलं शहाणपण तिनं घरी तेवढं नेलं नव्हतं. पळी खाली ठेवून ती निघाली.

मालक ओरडले, "मावशी, माणसं पानावर बसलीत! वाढणार कोण?"

"आज तुम्ही वाढा! मीठ घालू नका म्हणजे झालं!"

भर रस्त्यानं, पदर खोचलेला, ती धावत घरी आली. टाकीत बोट बुडवून जिभेला लावलं आणि थूथू करत मोरीकडं पळाली. छापखान्याला सुट्टी म्हणून नवरा घरीच होता. "डॉक्टरांना सांगू का?" त्यानं विचारलं.

"नंतर सांगा. आधी बादली आणा!"

नळाच्या पाण्यातलं औषध उडून जावं म्हणून ते बादलीत रात्रभर उघडं ठेवून तिनं ते थोडं थोडं टाकीत सोडलं, तेवढंच खारं पाणी उपसलं. एकदम बदललं तर मुळं दचकतील म्हणून धीर धरून. पाणी खाडीइतकं खारं जिभेला लागलं, तेव्हा तिनं सुनेची मागं राहिलेली नेलपॉलिश घेऊन काचेवर एक लाल रेघ ओढली. रेघेखाली पाणी गेलं की नुसतं गोडं पाणी घालायचं, मीठ नाही.

नवरा बघतच राहिला. "अंदाजमावशीनं माप घेतलं! ही बातमी मी मोठ्या टायपात लावतो!"

आणि एका सकाळी शेंगेच्या टोकावरची टोपी गळाली. आत जोडीनं पानं, ओली, चकचकीत, एकमेकांना बिलगलेली. दुसऱ्या शेंगेचं टोकही फुगलेलं. मावशीनं नवऱ्याकडून भावाला फोन लावून घेतला.

"दादा, पान आलं! खरंच आलं! बाकीच्या मी मारल्या रे, खारवून मारल्या, पण दोन जगल्या!"

भाऊ होडीतच होता, मागं खाडीचं पाणी वाजत होतं. तो म्हणाला, "वादळानंतर होडी बांधायला खुंटा ठोकला, तेव्हा बाबांच्या झाडाची जागा मोकळी सोडून पलीकडं ठोकला होता. तेव्हा लोक हसले होते."

"किती जागा सोडलीस?"

"अंदाजानं."

"अंदाज नको," मावशी नाक ओढत हसली, "दोन झाडांची सोड."